आवड विचारू नका, तीन गाणी मागा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, आडगाव नाका इथल्या इमारतींच्या जिन्यांतून गाद्या, बादल्या आणि पत्र्याच्या ट्रंका वर चढू लागतात. कळवण, सुरगाणा, मालेगाव, धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेली मुले-मुली एकमेकांना आधी कधीही न पाहता कॉट बेसिसवर एका खोलीत राहू लागतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नव्याने लागलेल्यांचेही तेच. भाडे, डिपॉझिट, डबा, पाण्याची वेळ यांवर पहिल्याच दिवशी बोलणे होते. गाण्यावर होत नाही, आणि मग पुढचे खटके पुष्कळदा त्यावरूनच उडतात. आम्ही गाणे शिकवणारे आणि ध्वनिव्यवस्थेची कामे करणारे काही नाशिककर आहोत. या बाबतीत नेमके, करून पाहता येईल असे सांगण्यासारखे बरेच आहे, म्हणून हे लांबलेले पत्र.

खोलीतल्या नव्या पार्टनरशी सूर जुळायला दोघांची आवड सारखी असावी लागत नाही. दोघांनी एका वेळी, सारख्या आवाजात, मध्ये न बोलता ऐकलेली थोडी गाणी लागतात. हे आपोआप घडत नाही, त्याची नीट मांडणी करावी लागते. पीटर रेंटफ्रो आणि सॅम गॉस्लिंग या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्यांना सहा आठवडे इंटरनेटवरून एकमेकांची ओळख करून घ्यायला सांगितले होते. विषयाचे बंधन नव्हते. सर्वाधिक बोलणे निघाले ते संगीतावर. म्हणजे ओढ दोन्हीकडे असतेच. बिघडते ते सुरुवात कशी होते त्यावर.

'तुला कुठली गाणी आवडतात?' हा प्रश्न पहिल्या दिवशी टाळावा. त्याला उत्तर येते 'सगळीच'. हे उत्तर सावधपणाचे असते. आपल्याकडे गाण्यावरून गाव कळते, बोली कळते, जात आणि धर्मही कळतो असे लोक धरून चालतात. भीमगीते लावणाऱ्याला, कव्वाली लावणाऱ्याला, अहिराणी गाणी लावणाऱ्याला समोरचा आपल्याला कुठल्या खणात टाकणार याचा अनुभव शाळेपासून असतो. शहरात आल्यावर घरची गाणी फक्त इअरफोनवर ऐकायची सवय अनेकांना लागते ती यामुळेच. म्हणून माणसाबद्दल विचारू नये, वाद्याबद्दल विचारावे. 'हे तुमच्याकडचं का?' यापेक्षा 'हा संबळ वाजतोय का?' हा प्रश्न कितीतरी चांगला. वाद्याविषयी विचारले की माणूस खुलतो, कारण त्यात स्वतःचा बचाव करायचा नसतो आणि सांगायला पुष्कळ असते. गोंधळात संबळ-तुणतुणे, पोवाड्यात डफ, कव्वालीत पेटी, ढोलक आणि टाळ्या, सुरगाणा-पेठच्या पट्ट्यात तारपा. तारपा भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचा बनतो. वाजवणारा गालात हवा राखून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. हे ज्याने लहानपणापासून पाहिले आहे त्याला बोलते करायला एवढा एक प्रश्न पुरतो.

आता मांडणी. समोरच्याकडून तीन गाणी मागावीत आणि आपली तीन द्यावीत. पहिले घरचे, म्हणजे स्वतः न निवडलेले, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, जत्रेत नाहीतर एसटीत कानावर पडलेले. दुसरे रोजचे, गेल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळा लावलेले. हे आठवून सांगू नये, ॲपमधला इतिहास उघडून पाहावा. आठवून सांगताना माणूस स्वतःला शोभेल असेच गाणे सांगतो. तिसरे उशिरा आवडलेले, म्हणजे आधी नकोसे वाटायचे आणि मग पटले असे. तिघांत हे सर्वांत मोलाचे, कारण समोरच्याचा कान कसा बदलतो ते त्यातून दिसते.

पाच मिनिटांचे एक धरले तर सहा गाण्यांना अर्धा तास लागतो. ती आळीपाळीने लावावीत. एकाची तिन्ही सलग लावली की दुसरा पाहुणा होऊन बसतो. गाणे चालू असताना बोलायचे नाही, पुढे ढकलायचे नाही, मोबाइल पालथा ठेवायचा. 'आता बघ, आता येईल' हे सर्वांत वाईट, कारण मग ऐकणाऱ्याचे लक्ष गाण्यावरून उडून सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर जाते आणि तो आवडल्याचे सोंग करू लागतो. संपल्यावर प्रश्न एकच: 'कुठल्या जागेला कान थांबला?' जागा हा मैफलीतला शब्द असला तरी तो सगळ्या गाण्यांना चालतो. गळ्यातली एखादी हरकत, ढोलकीचा तुकडा, रॅपमधला एखादा शब्द, कडव्याआधीची शांतता, काहीही जागा असू शकते. 'छान आहे' म्हटले की बोलणे तिथेच संपते. 'दुसऱ्या कडव्याआधी सगळी वाद्यं गप्प झाली तिथं' म्हटले की ते सुरू होते, आणि ते गाणे पुन्हा लावावेसे वाटते.

यात पहिली चूक होते ती आवाजाची, आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. आजची गाणी मास्टरिंगमध्ये, म्हणजे अंतिम प्रत तयार करताना, दाबून मोठी केलेली असतात. हळू आणि मोठ्या भागांतला फरक कमी केलेला असतो. १९५०च्या दशकातले ध्वनिमुद्रण आणि आजचे नृत्यगीत फोनच्या आवाजाची पट्टी न हलवता लागोपाठ लावले तर दुसरे कितीतरी मोठे ऐकू येते. आणि दोन आवाजांत एक-दोन डेसिबलचाही फरक असला तर कान मोठ्याला 'मोठा' न म्हणता 'चांगला' म्हणतो. म्हणजे जुने गाणे लावणारा हरतो तो आवडीमुळे नव्हे, पातळीमुळे. उपाय सोपा आहे. स्पॉटिफायमध्ये सेटिंगमधल्या प्लेबॅकखाली नॉर्मलायझेशन चालू ठेवावे. सर्वसाधारण पर्यायावर ते प्रत्येक गाणे उणे १४ एलयूएफएस (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे माप) या एकाच पातळीजवळ आणते. यूट्यूब मोठी गाणी खाली आणते, पण हळू गाणी वर उचलत नाही. तिथे जुन्या गाण्याचा आवाज हाताने वाढवावा आणि पुढच्या गाण्याआधी आठवणीने कमी करावा. क्रॉसफेड हा पर्याय, म्हणजे एक गाणे दुसऱ्यात मिसळणे, बंद करावा. तो १२ सेकंदांपर्यंत लावता येतो आणि भैरवीचा शेवटचा षड्ज त्यात बुडून जातो.

दुसरी चूक खोलीची. नाशिकच्या नव्या इमारतींत दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली सर्रास दिसते. आवाजासाठी हे माप वाईट आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या कंपनसंख्येच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते ती घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर बारा फुटांना ती साधारण ४७ हर्ट्झ येते आणि दहा फुटांना ५६. रुंदी आणि उंची दोन्ही दहा फूट असल्याने ५६ची घुमणी दुप्पट जोर धरते. तिच्या दुपटीला, ११२ हर्ट्झजवळ, पुन्हा तेच होते, आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरला ५६ झेपत नसले तरी ११२ नक्की झेपते. या कंपनांचा दाब भिंतीशी आणि कोपऱ्यात सर्वांत जास्त असतो. म्हणून ज्याची कॉट कोपऱ्यात, त्याच्या उशीशी नुसता धम्मधम्म पोहोचतो, आणि खोलीत दुसऱ्या एखाद्या जागी खुर्चीवर बसून गाणे लावणाऱ्याला तो धम्मधम्म फारसा ऐकू येत नाही. एक म्हणतो बास फार आहे, दुसरा म्हणतो नाहीच. दोघेही खरे बोलत असतात. जागा बदलून ऐकले की हा वाद मिनिटभरात मिटतो, आणि तो मिटवण्याचा दुसरा मार्ग आम्हाला ठाऊक नाही.

स्पीकर लोखंडी कपाटावर ठेवू नये. पत्रा स्वतःच वाजू लागतो. कोपऱ्यात, जमिनीवर आणि शेजाऱ्याच्या भिंतीला टेकूनही ठेवू नये. भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, टेबलावर, खाली चौपदरी सतरंजी घालून आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवावा. उघड्या फरशीची आणि रिकाम्या भिंतींची नवी खोली किणकिणते. दोरीवरचे कपडे, गोधडी, उभी करून ठेवलेली गादी यांनी तीव्र आवाज शोषले जातात आणि शब्द स्पष्ट होतात. खालच्या घुमणीवर मात्र त्यांचा फारसा परिणाम होत नाही. तिला खोल्यांमधली चार इंची विटांची भिंतही फारशी थोपवत नाही. रात्री शेजाऱ्याची तक्रार आली तर आवाज सगळाच कमी करण्याआधी इक्वलायझरमधली डावीकडची, म्हणजे खालच्या आवाजांची, एक-दोन बटणे खाली आणून पाहावीत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेने आपल्या हद्दीवर ती ५ डेसिबलपेक्षा जास्त ओलांडू नये असेही त्यात आहे.

तिसरी गोष्ट इअरफोनची. एक इअरफोन तुला, एक मला, ही मैत्रीची जुनी खूण. पण स्टीरिओ ध्वनिमुद्रणात दोन बाजूंना वेगवेगळे भरलेले असते. साठच्या दशकातल्या पुष्कळ पाश्चात्त्य गाण्यांत आवाज एकीकडे आणि वाद्ये दुसरीकडे असतात. सतार-सरोदच्या जुगलबंद्यांतही बऱ्याचदा एक वाद्य डावीकडे आणि एक उजवीकडे असते. अशा वेळी दोघे शेजारी बसून दोन वेगळी गाणी ऐकत असतात आणि एकाला कळत नाही की दुसऱ्याने मान कशावर डोलावली. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी या सेटिंगमध्ये, ऐकण्याच्या विभागात, मोनो ऑडिओ असा पर्याय असतो. तो चालू केला की दोन्ही बाजूंना सगळे ऐकू येते. दुसऱ्याच्या कानातला इअरफोन तसाच आपल्या कानात घालू नये. पावसाळ्यात कानात बुरशीचा संसर्ग होतो, तो रबरी टोप्यांवरून पसरू शकतो. प्रत्येकाची टोपी वेगळी ठेवावी, जाळी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी आणि बाहेरचा भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन इअरफोन आणि एक स्प्लिटर. महात्मा गांधी रस्त्यावरच्या मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानांत तो स्वस्तात मिळतो, पण घेताना फसायला होते. दिसायला सारखे दोन प्रकार असतात. एकात दोन्ही भोकांना आवाज येतो. दुसऱ्यात एक भोक इअरफोनचे आणि एक माइकचे असते. दुसरा घरी आणला की एका इअरफोनमध्ये शांतता. भोकांवरची चित्रे पाहावीत, दोन्हीवर हेडफोनच हवेत. दोन इअरफोन वेगळ्या मॉडेलचे असतील तर एक मोठा आणि एक हळू वाजतो, म्हणून एकाच मॉडेलचे वापरावेत. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लागतो. त्यात डॅक, म्हणजे डिजिटल आवाज इअरफोनला चालेल असा करणारी चिप, बसवलेली आहे ना, हे दुकानातच आपल्या फोनला लावून तपासावे. साधा कन्व्हर्टर पुष्कळ फोनवर मुकाच राहतो. काही फोनवर एकाच वेळी दोन ब्लूटूथ इअरफोन जोडता येतात. गाणे ऐकायला ते ठीक, ताल मोजायला नाही. दोन मॉडेलमध्ये सेकंदाच्या दशांशाचा फरक सहज पडतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ०.६ सेकंदाची असते, म्हणजे एकाची टाळी दुसऱ्यापेक्षा मात्रेच्या सहाव्या हिश्शाने मागे पडते आणि दोघांनाही वाटते की समोरच्याला तालच कळत नाही.

आता खरा गाभा: एकाचे गाणे दुसऱ्याच्या कानात शिरते कुठून.

रागसंगीत ऐकणारा पार्टनर सर्वांत मोठी चूक करतो ती तासाभराचा बडा ख्याल लावण्याची. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची असू शकते, आणि मग बारा मात्रांचे आवर्तन ४८ सेकंदांचे होते. नव्या कानाला एवढ्या अंतरावरचे ठोके जोडताच येत नाहीत; त्याला लय आहे हेच कळत नाही. म्हणून उलटे जावे, आधी द्रुत म्हणजे जलद आणि मग विलंबित म्हणजे संथ. आणि आधी लहान, मग मोठे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे त्या काळच्या गायकांनी राग तेवढ्यात आटोपशीर मांडला. नव्या श्रोत्यासाठी याहून चांगले दार नाही. यात नाशिकचा हक्काचा माणूस आहे. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभा केला. त्यांचे चिरंजीव, गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९२१ साली जन्मले आणि १९५५ मध्ये, ऐन चौतिशीत गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या छोट्या तबकड्यांतला स्वर इतका स्वच्छ आहे की रागाचे नाव माहीत नसलेल्यालाही वाट सापडते. चित्रपटगीतांच्या शौकिनासाठी १९५२च्या एका चित्रपटातली त्यांची आणि उस्ताद अमीर खाँ यांची जुगलबंदी आहे. अभियांत्रिकीच्या मुलाला गायिका केसरबाई केरकरांच्या भैरवीपासून सुरुवात करून द्यावी: १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत जी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर ही साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ही तीन मिनिटे रुळली की मग एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, एक बाजू, वीस-बावीस मिनिटांची. पूर्ण मैफल त्यानंतर.

तालासाठी तीनताल घ्यावा. सोळा मात्रा; एक, पाच आणि तेरावर टाळी, नऊवर खाली, म्हणजे टाळी न देता हात उघडायचा. मध्यलयीत दोघांनी हाताने मोजावे आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, एकमेकांकडे पाहावे, बस्स. दोन-तीन दिवसांत तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे, पकडता येते. पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, एक थांबा, पुन्हा पाच: बेरीज सतरा. समेपासून सुरू केला तर सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम, आणि तुकड्याचा शेवटचा बोल बरोबर तिथे येतो. हे गणित ज्याने एकदा बोटांवर केले त्याला तबला यापुढे नुसता ठेका म्हणून ऐकू येत नाही.

रॅप ऐकणाऱ्याला तर हे लगेच पटते, कारण तोही सोळाच मोजतो. त्याचे सोळा म्हणजे सोळा बार, प्रत्येकी चार ठोक्यांचे, एकूण चौसष्ट. आपली चार आवर्तने. दर बारमधल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम पडतो, तिथे टाळी द्यावी. रॅपर ज्याला फ्लो म्हणतो त्यात शब्द ठोक्याच्या पुढेमागे खेळवणे असते, म्हणजे लयकारीच. आजकाल सर्रास ऐकू येणारा ट्रिप्लेट फ्लो म्हणजे एका मात्रेत तीन अक्षरे, सरळ तिगुन. रागसंगीतवाल्याने रॅप ऐकताना आधी शब्द वाचावेत आणि ओळीच्या आतली यमके पेन्सिलने खुणावीत. पोवाडा ऐकलेल्या कानाला हे परके वाटत नाही. शाहीर डफाच्या थापेवर ज्या वेगाने अक्षरे फेकतो, तो वेग आणि तो आवेश इथेही आहे.

मेटल हे सर्वांत अवघड वाटते, आणि पूल मात्र तिथेच सर्वांत मजबूत आहे. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये मुद्दाम कापला जातो, त्यातून मूळ स्वरावरची पुष्कळ स्वयंभू स्वरांची रांग उठते. अशा आवाजात गंधार मिसळला तर चिखल होतो, म्हणून मेटलवाले बहुधा दोनच स्वर धरतात, मूळ आणि त्याचा पंचम. त्याला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प! तंबोऱ्यावर आपण तेच लावतो, आणि घोडीवरच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतो तीही त्याच कारणासाठी, एका स्वरातून अनेक स्वर फुटावेत म्हणून. एकीकडे तंबोरा आणि एकीकडे नुसता वाजत ठेवलेला पॉवर कॉर्ड लागोपाठ ऐकवला तर दोघेही चमकतात. मेटल ऐकताना आधी गायकाकडे दुर्लक्ष करून दोन पायांनी वाजणारा बेस ड्रम ऐकावा. त्याची लय सापडली की वरचा गोंगाट आपोआप सुटा होतो. के-पॉप, भोजपुरी, हरियाणवी यांना एवढ्या पायऱ्या लागत नाहीत. त्यांत शब्दांचा अर्थ विचारून घेतला की काम होते.

पहिल्यांदा ऐकून न आवडलेले गाणे टाकून देऊ नये. नुसत्या पुन्हापुन्हा गाठ पडण्यानेही पसंती वाढते, हे रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवले. पण त्याला अंतर लागते. एका दिवशी पाच वेळा लावण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड एकदा, असे पाच वेळा लावावे. सोपी चाल लवकर चढते आणि लवकर उतरते. गुंतागुंतीची हळू चढते. पाच वेळांनंतरही नको असेल तर ते गाणे त्या खोलीपुरते सोडून द्यावे आणि त्याचा राग धरू नये.

एकाच्या खात्यावर दोघांनी ऐकू नये. शिफारशी ऐकण्याच्या इतिहासावर चालतात. आठवड्याभरात भजनांच्या मागे ड्रिल (रॅपचा एक प्रकार) आणि ड्रिलच्या मागे भजने येऊ लागतात, आणि मग 'तू माझं ॲप बिघडवलंस' हे भांडण उभे राहते. दुसऱ्याचे गाणे आपल्या फोनवर लावायचे असेल तर स्पॉटिफायवर प्रायव्हेट सेशन चालू करावे, यूट्यूबवर इतिहास थांबवावा. दोघांची मिळून यादी हवी असेल तर स्पॉटिफायच्या ब्लेंडमध्ये ती आपोआप बनते, पण हाताने बनवलेली सामाईक यादी जास्त चांगली. एकाने एक टाकले की दुसऱ्याने एक, आणि दुसऱ्याचे गाणे काढून टाकायचा अधिकार कुणालाच नाही.

अभ्यासाच्या वेळी शब्द असलेले गाणे लावू नये. समजणाऱ्या भाषेतले शब्द वाचनाच्या आड येतात, ते हळू असले तरी येतात. बासरी, सतार, संतूर चालेल, तेही विचारून. फोनवरचे डेसिबल मोजणारे ॲप अंदाजापुरते घ्यावे. वाचणाऱ्याच्या उशीवर फोन ठेवून आकडा पन्नासच्या वर गेला तर आवाज जास्त आहे असे समजावे. हेडफोनवरही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास एवढेच सुरक्षित धरले जाते.

पार्टनर गाणे शिकत असेल तर पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, हा पहिल्या दिवशीच बोलून घ्यायचा विषय आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा देणाऱ्याला सत्राच्या आधीचे दोन महिने रोज तासभर लागतोच. खोलीत नको असेल तर गच्ची बरी. जिना नको, तो आवाज घुमवतो आणि गाणाऱ्याला आपला सूर खरा आहे त्याहून भरीव वाटतो. तंबोऱ्याचे ॲप एका कानात आणि दुसरा कान मोकळा ठेवून रियाज करता येतो. मालकंस राग घोटताना ॲपमध्ये पंचमाऐवजी मध्यम लावायला विसरू नये. मालकंसात पंचम नाही. तबला जाड घडी केलेल्या सतरंजीवर ठेवला की खालच्या मजल्यावर जाणारा ठोका बराच कमी होतो.

गणपतीच्या आधी ढोल पथकांचे सराव सुरू होतात आणि नवा पार्टनर तिथे ओढून नेतो. जरूर जावे. नाशिक ढोलाची थाप छातीत घेण्यासारखी असते आणि एका रांगेत कमरेला ढोल बांधून उभे राहिले की ओळख वेगळ्याच वेगाने वाढते. पण कान झाकून जावे. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागी मानली जाणारी मर्यादा दर ३ डेसिबलला निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. औषधांच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. ते बोटांत बारीक वळावेत, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरावेत. अर्धवट खोचलेला प्लग नुसता दागिना आहे.

आणि शेवटी, मंडळी, यंत्र बाजूला ठेवून दोघांनी मिळून प्रत्यक्ष गाणे ऐकायला जावे. महाकवी कालिदास कलामंदिरात कडेच्या स्पीकरसमोर न बसता मधल्या रांगांत बसावे. दिवाळीत पिंपळपाराजवळच्या पाडवा पहाटेला अंधारातच निघावे. इथे आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. शहरातल्या कार्यक्रमांच्या सदरात रागसंगीत एका चौकटीत, भजन-कीर्तन दुसऱ्या पानावर आणि तरुणांचे रॅपचे कार्यक्रम कुठेच नाहीत, असे न होता सगळे एका यादीत, वेळेप्रमाणे यावेत. प्रत्येकापुढे प्रवेश खुला की तिकीट, कार्यक्रम किती वाजता संपेल आणि त्यानंतर नाशिकरोड, सातपूर, आडगावकडे जाणारी सिटीलिंकची शेवटची बस किती वाजताची, एवढे तीन तपशील असावेत. खोल्यांवर राहणारी पुष्कळ मुले मध्यंतरातच उठतात, ती परत जायचे वाहन मिळेल की नाही या धास्तीने.

कळावे,

आपले,
संगीत आणि ध्वनिव्यवस्थेच्या क्षेत्रातील काही वाचक,
नाशिक